ईश्वराविना पश्चात्ताप : काम्यूंच्या ‘द फॉल’विषयी

आल्बेर काम्यू यांची ‘द फॉल’ (१९५६) ही लघुकादंबरी म्हणजे ईश्वर न मानणाऱ्या माणसाचा कबुलीजबाब होय. पॅरिसचा नामांकित वकील क्लामान्स रात्री पूल ओलांडताना कठड्यावर वाकलेल्या एका तरुणीला मागे टाकून पुढे जातो. थोड्याच वेळात सीन नदीच्या पाण्यात कोणी पडल्याचा आवाज व आरोळ्या ऐकू येतात. तो थिजून उभा राहतो; मग निघून जातो. कोणास कळवीत नाही. पुढचे काही दिवस वर्तमानपत्रही वाचत नाही.

न वाचलेले हे वर्तमानपत्र आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. त्याला कोणता देव शिक्षा करणार होता? तरीही त्याला कळून घ्यावयाचे नव्हते. अपराधाच्या जाणिवेस ईश्वर लागत नाही, तो असा.

मात्र क्लामान्सच्या या स्थितीस पश्चात्ताप म्हणण्यास आम्ही तयार नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या मद्यगृहात अनोळखी माणसापुढे तो स्वतःचे दोष उगाळतो, ते त्यालाही दोषी ठरविण्यासाठी. सारेच अपराधी ठरले की याचा भार हलका! पाली परंपरेने ‘कुक्कुच्च’, म्हणजे केल्या-न केल्याची चुटपुट, पाच नीवरणांत का मोजली, ते येथे उमगते. विनयात दोषाची कबुली पुढील संयमाशी बांधलेली आहे. क्लामान्सची कशाशीच नाही.

काही समीक्षकांना या कादंबरीत ख्रिस्ती श्रद्धेची ओढ दिसते. आम्हांस ते पटत नाही. क्षमा करणारा देव नाही, ही क्लामान्सची अडचणच नव्हे. त्या तरुणीस वाचविण्याची संधी पुन्हा मिळावी असे तो अखेरीस म्हणतो खरा. पण लगेच त्याला पाण्याचा गारठा आठवतो, आणि आता उशीर झाला आहे याचे त्याला बरेच वाटते.