एक लॅपटॉप, दोन ऑपरेटिंग सिस्टिम : सहअस्तित्वाच्या आश्वासनाची चिकित्सा

प्रास्ताविक

मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या लेखनात एक आश्वासन हमखास आढळते : विंडोज काढून टाकण्याची गरज नाही, त्याच लॅपटॉपवर तिच्या शेजारी लिनक्स बसवावी आणि यंत्र सुरू करताना हवी ती प्रणाली निवडावी. ‘ड्युअल बूट’ या नावाने ही व्यवस्था ओळखली जाते. वरकरणी ती निर्दोष वाटते, कारण तीत खर्च नाही आणि जुने काही सोडावे लागत नाही. मात्र ती प्रत्यक्ष वापरणाऱ्या अनेकांच्या वाट्याला मनस्ताप येतो आणि त्याचे खापर बहुधा त्यांच्याच तांत्रिक अज्ञानावर फोडले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा करावयाची आहे. दोन प्रणाली एका यंत्रावर बसतात, यात शंका नाही. परंतु त्या समान दर्जाने नांदत नाहीत. पहिली घरमालक असते, तर दुसरी पोटभाडेकरू. मनस्तापाचे मूळ या विषम नात्यात आहे.

पार्श्वभूमी

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तर लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचे केंद्रक प्रसिद्ध केले. २००४ मध्ये आलेल्या उबंटूमुळे ही प्रणाली सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आली. भारतात सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांना पाठबळ देणारी ‘बॉस’ ही आवृत्ती आणली आणि २०१५ मध्ये केंद्र शासनाने मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. तात्त्विक व शासकीय पातळीवर मान्यता मिळूनही बहुसंख्य लॅपटॉपवर ही प्रणाली ‘दुसरी’च राहिली, हे लक्षणीय आहे.

प्रवेशाचा प्रश्न

जुन्या पद्धतीच्या विभाजन-तक्त्यात हार्ड डिस्कचे जास्तीत जास्त चार प्राथमिक भाग पाडता येत. अनेक लॅपटॉपवर हे चारही भाग विंडोज व तिची दुरुस्ती-व्यवस्था यांनी आधीच व्यापलेले असत. लिनक्सला जागा करून द्यायची, तर बहुधा विंडोज पूर्ववत करण्याची सोयच मोडावी लागे. पुढे विंडोज नव्याने बसवली, की सुरुवातीचा निवडीचा पडदाच पुसला जाई.

नव्या विभाजन-पद्धतीने जागेची मर्यादा दूर केली. परंतु २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ ही सुरक्षा-व्यवस्था सर्वत्र आली. अधिकृत स्वाक्षरी नसलेली प्रणाली तीत सुरूच होत नाही. इंटेल व एएमडी प्रोसेसरच्या संगणकांवर ही व्यवस्था बंद करण्याची मुभा ठेवण्यात आली. बंद न करता लिनक्स चालवायची, तर तिच्या प्रारंभिक भागावर सामान्यतः मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असावी लागते. म्हणजे भाडेकरूच्या प्रवेशपत्रावर घरमालकाची सही आली.

या अवलंबित्वाची किंमत ऑगस्ट २०२४ मध्ये दिसून आली. सुरक्षेतील त्रुटी असलेले जुने प्रारंभिक प्रोग्रॅम रोखण्यासाठी विंडोजचे एक अद्यतन प्रसृत झाले. दोन प्रणाली असलेल्या संगणकांना ते लागू होणार नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. तरी अशा अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना. अद्यतनाचा हेतू अयोग्य नव्हता. परंतु एका प्रणालीची सुरक्षा दुसरीच्या दारास कुलूप घालू शकते आणि वापरकर्त्यास पूर्वसूचनाही मिळत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

दैनंदिन वापरातील विषमता

नित्याच्या वापरात हीच विषमता लहान रूपांत भेटते. लॅपटॉपच्या अंतर्गत घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स सामान्यतः जागतिक प्रमाणवेळ. परिणामी लिनक्समधून विंडोजमध्ये परतल्यावर भारतात घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसते. विंडोज ८ पासूनच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘बंद’ केलेली विंडोज पूर्णतः बंद होत नाही. तिच्या विभागातील फायली मग लिनक्समध्ये वाचता येतात, पण बहुधा त्यांत लिहिता येत नाही. शिवाय लिनक्स विंडोजचा विभाग ओळखते. विंडोज मात्र लिनक्सचा विभाग स्वतःहून उघडत नाही. प्रबंधाचे प्रकरण लिनक्समध्ये जतन करून विंडोजमध्ये शोधणाऱ्या अभ्यासकास ते सापडत नाही, याचे कारण हेच होय.

सर्वांत गंभीर धोका कूटबद्ध डिस्कचा आहे. सिक्युअर बूटची मांडणी बदलताच विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागू शकते. ती नोंदवून ठेवली नसेल, तर वर्षानुवर्षांची संशोधन-सामग्री डोळ्यांदेखत बंदिस्त होते.

मराठीचा प्रश्न

मराठी अध्यापकाच्या बाबतीत आणखी एक बंधन आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे विपुल लेखन विशिष्ट फॉन्टशी बांधलेल्या संकेतनात झाले. तो फॉन्ट नसल्यास मजकुराऐवजी रोमन अक्षरांची गिचमीड दिसते. हे फॉन्ट व त्यांचे टंकन-प्रोग्रॅम प्रामुख्याने विंडोजसाठी घडवलेले होते. इनस्क्रिप्ट कळफलक दोन्ही प्रणालींत उपलब्ध असल्याने नव्या लेखनास अडचण नाही. जुन्या लेखनासाठी मात्र विंडोजकडेच परतावे लागते. अशा वेळी प्रणालीची निवड अध्यापकाच्या आवडीवर नव्हे, तर त्याच्या जुन्या फायलींवर ठरते.

पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद

लिनक्स बसवणे आता सोपे झाले आहे व पूर्वी अडणारी बरीच वाय-फाय उपकरणे आज विनासायास चालतात, हा पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद रास्तच आहे. परंतु बसवणे सोपे झाल्याने सांभाळणे सोपे होत नाही. प्रत्येक मोठ्या अद्यतनानंतर दुरुस्तीचे श्रम वापरकर्त्यावरच पडतात. विनामूल्य प्रणालीच्या हिशेबात हे श्रम धरले जात नाहीत, ही त्या लेखनातील मोठी उणीव होय. २०१६ पासून विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय झाली आहे. ती उपयुक्त असली, तरी तीत भाडेकरू घरमालकाच्याच खोलीत राहावयास येतो. स्वातंत्र्याचा मूळ हेतू त्यातून साधत नाही.

निष्कर्ष

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या यंत्रविषयक अटींमुळे चालू स्थितीतील अनेक लॅपटॉप अपात्र ठरले. महाविद्यालयीन विभागांनी अशा यंत्रांवर दोन प्रणालींची कसरत न करता ती पूर्णपणे लिनक्सच्या स्वाधीन करावीत. तत्पूर्वी सामग्रीची स्वतंत्र प्रत घ्यावी व जुने मराठी लेखन युनिकोडमध्ये आणावे. केरळच्या ‘आयटी@स्कूल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरला शालेय संगणक-शिक्षणाचा पाया केले व शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण दिले. तेथे ती ‘दुसरी’ प्रणाली नव्हती, म्हणून ती रुजली. पर्याय केवळ उपलब्ध असणे पुरेसे नाही. त्याला स्वतःचे यंत्र, प्रशिक्षण आणि संस्थेचे पाठबळ लाभले, तरच त्याला पर्याय म्हणता येईल.