'बेतणे' : शब्द आणि माप

मराठी चित्रपटाचे कोणतेही परीक्षण उघडावे, दोन-चार ओळींत 'अमुक कादंबरीवर बेतलेला' हे शब्द येतातच. हे क्रियापद शिंप्याच्या दुकानातून आले आहे, याची आठवण लिहिणाऱ्यालाही नसते आणि वाचणाऱ्यालाही नसते. शब्द झिजतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण या शब्दाबरोबर एक विचारही झिजला आहे, आणि तो आपल्या साहित्याशी थेट संबंधित आहे, असे आम्हांला वाटते.

बेतणे म्हणजे शिवणे नव्हे. माप घेतल्यानंतर आणि शिवण घालण्यापूर्वी जे घडते ते बेतणे. समोरच्या माणसाचा एक खांदा उतरता आहे, पोट सुटलेले आहे, तो किंचित पोक काढून चालतो, हे सारे लक्षात घेऊन कापडावर खडूने रेघ ओढायची आणि मग कैची चालवायची. मोहल्ल्यातल्या दुकानात शागीर्दाला आधी काज-बटण मिळते, मग मशीन. कैची सर्वांत शेवटी. चुकलेली शिवण उसवता येते, चुकलेला काप जोडता येत नाही. म्हणून उस्ताद बेततो आणि कारागीर शिवतात.

या दुकानातली भाषाही पाहण्यासारखी आहे. दर्जी, गज, अस्तर हे शब्द फारसीतून आले, कैची तुर्कीतून, कमीज अरबीतून, आणि ज्यात बटण अडकते ते काज पोर्तुगीजांकडून. सुई आपली जुनी संस्कृतातली. उर्दूतल्या 'कतर-ब्योंत'मधला ब्योंत आपल्या बेताच्या किती जवळ आहे, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा अंगातला सदरा काढून त्यातले कोणते शब्द परत करायचे ते ठरवावे. असो.

इंग्रजीत यासाठी 'बिस्पोक' असा शब्द आहे. त्याच्या पोटात 'बोलणे' आहे. गिऱ्हाइकाने बोलून ठेवलेले, म्हणजे दुसऱ्याला न देण्याचे कापड. तिथे भर मागणाऱ्याच्या शब्दावर आहे, आपल्याकडे तो बेतणाऱ्याच्या नजरेवर आहे. अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर 'वैयक्तिकृत' असा एक शब्द दिसू लागला आहे. तो कोणाच्याही तोंडी बसत नाही. बेतलेले हा शब्द घरात असताना हा उसना आणि तोही तंग सदरा कशासाठी, हे कळत नाही.

बेतण्याच्या पोटी आणखी दोन गोष्टी येतात. एक म्हणजे वाढत्या अंगाचे कपडे. बेताच्या कमाईच्या घरात ईदला पोराचा पायजमा आजच्या मापाचा कधीच बेतला जात नाही, पुढच्या दोन ईदा नजरेसमोर असतात. दुसरी म्हणजे माया. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्या भाषेने हे नाव दिले आहे. माणूस जाड झाला तर ती माया सोडता येते. तयार कपड्यात ती जेमतेम असते, कारण कारखान्याला प्रत्येक इंच कापडाचा हिशेब द्यावा लागतो.

आता साहित्याकडे येतो. मराठी कथा-कादंबरीतला आणि पडद्यावरचा मुसलमान बहुतेक वेळा तयार कपड्यांच्या दुकानातून आणलेला असतो. सुरमा, जाळीची टोपी, 'हम जाता, तुम आता' अशी भाषा. एक तर जीव ओवाळून टाकणारा खानचाचा, नाही तर संशयित. माप एकच, फक्त रंग दोन. चिपळूणकडचा मुसलमान घरात कोकणी बोलतो, नांदेडकडचा घरात दखनी आणि बाजारात मराठवाडी, हे लेखकाने पाहिलेले नसते. माप न घेता कापलेल्या अशा पात्राला आपले समीक्षक 'बेतलेले पात्र' म्हणतात, तेव्हा तो शब्दावर अन्याय आहे. ते पात्र बेतलेले नसते, हीच तर त्याची खोट आहे.

याच्या उलट उदाहरण म्हणून हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) आम्ही पुढे ठेवतो. दलवाईंच्या भूमिकांशी आमच्यातल्या अनेकांचे पटत नाही, त्यांच्या काही विधानांशी आमचेही नाही. पण त्या कोकणातल्या गावातली माणसे एकेकट्याचे माप घेऊन उतरली आहेत. त्यांची मत्सरबुद्धी, वासना, आळस, माणुसकी ज्याची त्याची आहे, कौमेची नाही. ती कादंबरी वाचताना अनेकांना टोचते. आमच्या मते ती टोचते ती याच कारणाने. आरसा मोठा असला की आपण गर्दीत लपू शकतो, मापाचा असला की लपता येत नाही.

मात्र बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखनाला मंच मिळाला, आणि त्याबरोबर एक नवे तयार मापही मिळाले. आपल्या कथांतला नायक सोशिक, देशप्रेमी, शेजाऱ्याच्या गणपतीला हातभार लावणारा. तो खोटा असतो असे नव्हे. पण तो कोणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर म्हणून कापलेला असतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगाचे माप त्याला लागलेले असते. आपला नायक कंजूष का नसावा? नमाज चुकवून क्रिकेट पाहणारा, भावाची जमीन लाटणारा, तरीही आईपुढे विरघळणारा का नसावा? त्याच्यात माया ठेवलेली नसते, म्हणून दुसऱ्या वाचनाला तो उसवतो.

हा दोष आमच्या हातूनही झाला आहे. एका कथेत आम्ही 'फुफी' लिहून पुढे कंसात 'आत्या' लिहिले होते, आणि 'दुआ'पुढे 'प्रार्थना'. संपादकांनी मागितले नव्हते. आम्हीच एक वाचक कल्पून त्याच्या मापाने कापले होते. मोहल्ल्यातल्या ज्या बाईवरून ती फुफी घेतली होती, तिला कथा वाचून दाखवली तेव्हा तिने कंसापाशी थांबवून विचारले, "हे कुणाला सांगतोस?" पुढच्या कथेत कंस काढले. ती छापून आली, आणि फुफी म्हणजे कोण असे एकाही वाचकाने विचारले नाही.