रोज बदलणाऱ्या ग्रंथावरची टीका

व्हिडिओ ‘पाहणं’ वेगळं आणि ‘डाउनलोड करणं’ वेगळं, असं आपण सगळे धरून चालतो. संगणकाच्या बाजूने पाहिलं तर हा फरक जवळजवळ नाहीच. यूट्यूबवर एखादं नाट्यगीत ऐकताना त्याचे लहान लहान तुकडे एकामागोमाग एक आपल्या यंत्रात उतरतात, म्हणजे डाउनलोडच होतात. वाजवून झाले की ब्राउझर ते टाकून देतो. स्ट्रीमिंग म्हणजे विसरून जाण्याच्या अटीवर मिळालेलं डाउनलोड. यूट्यूब-डीएल आणि त्याचा वारसदार वायटी-डीएलपी हे दोन प्रोग्राम एवढी एक अट पाळत नाहीत. तुकडे तेच, मागणी तीच. फक्त शेवटी ते टाकून देण्याऐवजी जोडून डिस्कवर ठेवले जातात.

या प्रोग्रामांबद्दल जे लिहिलं जातं ते बहुधा दोनच प्रकारचं असतं: एक तर ते कसे वापरावेत याची कृती, नाहीतर ते कायदेशीर आहेत की नाहीत याचा वाद. पण शेकडो लोकांनी जवळपास वीस वर्षं मिळून लिहिलेली ही एक संहिताही आहे. तिला स्वतःची भाषा आहे, स्वभाव आहे, आंधळे कोपरे आहेत. एखादं पुस्तक वाचावं तशी ती वाचून पाहिली, तर काय दिसतं?

मंद इंटरनेटचं अपत्य

यूट्यूब-डीएल 2006 साली रिकार्दो गार्सिया या स्पॅनिश प्रोग्रामरने पायथॉन भाषेत लिहिला. तेव्हा त्याच्याकडे टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने चालणारं इंटरनेट होतं. त्या वेगात व्हिडिओ सलग पाहणं अशक्य होतं, म्हणून आधी उतरवून घ्यायचा आणि मग पाहायचा. मुळाशी ना बंडखोरी होती, ना संग्रहाचा ध्यास. अडचण होती ती फक्त मंद जोडणीची.

ही अडचण आपल्याकडच्या माझ्या पिढीला समजावून सांगावी लागत नाही. 2016 मध्ये जिओ येण्यापूर्वी महिन्याला एक जीबीचा पॅक पुरवून पुरवून वापरणं हा घरोघरचा हिशेब होता. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचं आणि वीस-तीस रुपयांत ते गाणी, तमाशे, कीर्तनं, सिनेमे यांनी भरून घ्यायचं, ही रीतसर सेवा होती. दुकानदाराच्या संगणकात ते सगळं कुठून येतं, हे कुणी विचारत नसे. एकदा आणायचं आणि अनेकदा पाहायचं, ही त्यामागची समजूत आणि यूट्यूब-डीएलमागची समजूत एकच. डेटा स्वस्त झाला तशी ती समजूत मागे पडली आणि तिच्या जागी दुसरी आली: ‘असतंच की तिथे, हवं तेव्हा पाहू.’ या दुसऱ्या समजुतीचं काय करायचं, हा आजचा खरा प्रश्न आहे.

एक्स्ट्रॅक्टर नावाचा वाङ्मयप्रकार

या प्रोग्रामचं पोट उघडलं की कळतं, त्याचा बराचसा भाग डाउनलोड करण्याविषयी नाहीच. तो वाचण्याविषयी आहे. हजाराहून अधिक संकेतस्थळांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरणं आहेत. त्यांना ‘एक्स्ट्रॅक्टर’ म्हणतात. प्रत्येक एक्स्ट्रॅक्टर म्हणजे कुणीतरी एका संकेतस्थळाचं केलेलं बारकाईचं वाचन: शीर्षक कुठे लिहिलं आहे, खरी फाइल कोणत्या पत्त्यावर आहे, आवाज आणि चित्र वेगवेगळे पाठवले जातात का, मथळे कोणत्या भाषांत आहेत. आपल्याकडे अशा कामाला जुना शब्द आहे: टीका. दोष काढणं हा त्याचा आजचा रूढ अर्थ झाला. जुना अर्थ, मूळ ग्रंथ ओळीओळीने उलगडून सांगणं. एक्स्ट्रॅक्टर या जुन्या अर्थाने टीका आहेत.

फरक एवढाच की इथला मूळ ग्रंथ स्थिर नाही. यूट्यूब आपला प्लेअर सतत बदलतं आणि काल अचूक असलेलं वाचन आज निरुपयोगी ठरतं. वायटी-डीएलपीच्या आवृत्त्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक नसतात, प्रसिद्धीची तारीख हेच आवृत्तीचं नाव असतं. ही मला या संहितेतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. पंचांगासारखी ती स्वतःच सांगते की मी अमुक दिवसापुरती खरी आहे.

यूट्यूबचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. बऱ्याच व्हिडिओंच्या पत्त्यात एक सांकेतिक सही असते. ती सोडवण्याचं सूत्र प्लेअरच्या जावास्क्रिप्टमध्ये असतं आणि ते दर काही दिवसांनी बदलतं. यूट्यूब-डीएलच्या लेखकांनी प्रत्येक नवं सूत्र हाताने उतरवत बसण्याऐवजी पायथॉनमध्येच जावास्क्रिप्टचा एक छोटा दुभाषी लिहिला. भाषेचा गरजेपुरता तुकडा समजणारा, तेवढंच काम करणारा. 2021 च्या सुमारास आणखी एक कोडं आलं: ते न सोडवणाऱ्याला यूट्यूब नकार देत नसे, फक्त वेग इतका उतरवत असे की माणूस कंटाळून निघून जावा. 2025 च्या अखेरीस कोडी इतकी वाढली की तो छोटा दुभाषी पुरेना, आणि वायटी-डीएलपीला यूट्यूबसाठी डेनोसारखी जावास्क्रिप्ट चालवणारी पूर्ण यंत्रणा सोबत घ्यावी लागली. म्हणजे ग्रंथ वाचण्यासाठी टीकाकाराला जवळजवळ ब्राउझरच बनावं लागलं. मी रोज नोकरीत जो कोड वाचतो त्यात इतकी चिकाटी क्वचित दिसते. इथे तर बहुतेकांना पगारही नाही.

तीन गाण्यांचा पुरावा

23 ऑक्टोबर 2020 रोजी अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या, म्हणजे आरआयएएच्या नोटिशीवरून गिटहबने यूट्यूब-डीएल त्याच्या अनेक प्रतींसकट काढून टाकलं. नोटिशीतला पुरावा कोडमधूनच उचललेला होता. प्रत्येक एक्स्ट्रॅक्टरसोबत काही चाचण्या असतात: अमुक पत्ता दिला तर तमुक शीर्षक, तमुक लांबी मिळाली पाहिजे. यूट्यूबच्या चाचण्यांत आयकोना पॉप, जस्टिन टिंबरलेक आणि टेलर स्विफ्ट यांच्या गाण्यांचे पत्ते होते. संघटनेचं वाचन असं की हा प्रोग्राम कशासाठी आहे, ते लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

हे वाचन चलाख होतं, पण उथळ होतं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने उत्तरात दाखवून दिलं की या चाचण्या गाणं साठवत नाहीत, वाचन बरोबर आहे की नाही हे पाहण्यापुरते काही सेकंद मागवतात. शिवाय ज्याला ‘कुलूप’ म्हटलं जातं, त्याची किल्ली यूट्यूब स्वतःच प्रत्येक ब्राउझरला पाठवतं. 16 नोव्हेंबरला गिटहबने प्रकल्प परत आणला आणि अशा प्रसंगी प्रोग्रामरांच्या बचावासाठी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. तो वादग्रस्त चाचण्या वगळून परतला. जर्मनीत मात्र 2023 मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने उलट बाजू घेतली. यूट्यूब-डीएलच्या संकेतस्थळाला जागा देणाऱ्या एका छोट्या होस्टिंग कंपनीविरुद्ध निकाल गेला. एकाच संहितेचे दोन देशांत दोन अर्थ लागले.

भारतीय कायद्याचा सूर आणखी वेगळा आहे. 2012 च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात आलेलं कलम 65अ तांत्रिक संरक्षण तोडण्याला शिक्षा सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. कलम 52 खासगी वापर, संशोधन, समीक्षा यांसाठीच्या उचित वापराला जागा ठेवतं. यूट्यूबच्या अटी परवानगीशिवाय डाउनलोडला मनाई करतात, हेही तितकंच खरं. म्हणजे आपल्याकडचा निर्णय हत्यारापाशी थांबत नाही. ते कुणी, कशावर, कशासाठी चालवलं, इथपर्यंत जावं लागतं. समीक्षकाला हे सोयीचंच आहे.

शीर्षकाचा अंडरस्कोर

इथवर मी या संहितेची बाजू घेत आलो. आता तिचे आंधळे कोपरे.

पहिला भाषेचा. लिनक्समध्ये फाइलच्या नावाला साधारणपणे 255 बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे मराठी शीर्षकाला 85 चिन्हांपलीकडे जागा नाही. आपल्या चॅनेलांची शीर्षकं कशी असतात ते माहीतच आहे: गायकाचं नाव, रागाचं नाव, उत्सवाचं नाव, गाव, साल आणि शेवटी ‘नक्की ऐका’. प्रोग्राम सरळ सांगतो, नाव फार लांब आहे. बाइट मोजून शीर्षक कापण्याची सोय वायटी-डीएलपीत आहे, पण ती शोधावी लागते. त्याहून बोलका पर्याय म्हणजे फाइलींची नावं ‘सुरक्षित’ अक्षरांपुरती मर्यादित ठेवण्याचा. तो लावला की आस्कीबाहेरचं सगळं गळतं आणि संपूर्ण देवनागरी शीर्षकाच्या जागी एक अंडरस्कोर उरतो. मागे यूट्यूबचा अकरा अक्षरी ओळखक्रमांक तेवढा शाबूत. त्या फोल्डरमध्ये गायक, राग, गाव यांचा पत्ताच नसतो. हे कुणी दुष्टपणे केलेलं नाही. कुणाची अक्षरं गृहीत धरून लिहिलं गेलं, ते मात्र त्यातून कळतं.

दुसरा कोपरा एका शब्दाचा. प्रोग्रामला एक पर्याय देता येतो, त्याच्या नावात ‘अर्काइव्ह’ आहे. नाव ऐकून पुराभिलेखागार डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात ती एक साधी मजकुराची फाइल असते: उतरवून झालेल्या व्हिडिओंचे ओळखक्रमांक, एका ओळीवर एक. तेच पुन्हा उतरू नये एवढाच तिचा उपयोग. उपयोग चांगला आहे, पण नाव मोठं आहे, आणि त्या नावात या सगळ्या संस्कृतीचा भ्रम आहे. उतरवलं म्हणजे जतन झालं, हा तो भ्रम. दोन टेराबाइटची डिस्क भरलेले आणि त्यातलं काहीही न पाहिलेले मित्र प्रत्येकाला असतात. ‘असतंच की तिथे’ या समजुतीतला ‘तिथे’ फक्त घरी आला, बाकी समजूत तशीच राहिली.

तिसरा कोपरा पैशाचा. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांची तक्रार ऐकताना मला फारसं वाईट वाटत नाही. पण स्वतःच्या खर्चाने कॅमेरा घेऊन गावोगावची भारुडं किंवा दशावतार चित्रित करणारं एखादं छोटं मराठी चॅनेल असतं. त्याला मिळणारे थोडे पैसे आणि त्याहून महत्त्वाचे पाहणाऱ्यांचे आकडे, यांवर त्याचं पुढचं चित्रण ठरतं. त्याचे सगळे व्हिडिओ एका आदेशात उतरवून व्हॉट्सअॅपवर वाटणाऱ्याने जतन केलेलं नाही, झाडाची फळं काढताना फांदी तोडली. प्रोग्रामला दोन्ही कृती सारख्याच दिसतात आणि दिसणारच. फरक करण्याचं काम त्याचं नाही, आपलं आहे.

आगीनंतर काय उरतं

तरीही तोल जतनाच्या बाजूने जातो असं मला वाटतं, त्याचं कारण हरवण्याच्या इतिहासात आहे. भारतीय मूकपटांपैकी फार थोडे आज उपलब्ध आहेत. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या जागेला आग लागली आणि जुन्या प्रिंट गेल्या. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत ‘डॉक्टर हू’ मालिकेचे अनेक भाग टेप पुन्हा वापरण्यासाठी पुसले. त्या हरवलेल्या भागांचा आवाज मात्र आज आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो उतरवला होता. आपल्या शास्त्रीय संगीताची मोठी स्मृतीही खासगी मैफलींच्या अशाच ध्वनिमुद्रणांवर उभी आहे. स्पूल टेपवर, कॅसेटवर रसिकांनी केलेली, हातोहात फिरलेली. संस्था हरवतात तेव्हा हौशी माणसं वाचवतात, हे इतक्या वेळा घडलं आहे की त्याला अपवाद म्हणता येत नाही.

यूट्यूबला आग लागणार नाही. तिथे व्हिडिओ शांतपणे जातात. मी काही वर्षांपूर्वी केलेल्या मराठी व्याख्यानांच्या यादीवर वायटी-डीएलपी पुन्हा चालवतो, तेव्हा मधूनमधून तांबड्या ओळी येतात: हा व्हिडिओ खासगी आहे, हे खातं बंद झालं आहे, हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही. काय गेलं हे ती ओळ सांगत नाही. तिच्यात फक्त तो अकरा अक्षरी क्रमांक असतो.

म्हणूनच त्या मेहफिलींच्या कॅसेट पुन्हा आठवतात. त्यांतल्या ज्या आज उपयोगी पडतात त्या सगळ्यांत एक साम्य आहे: खोक्याच्या आतल्या कागदावर कुणीतरी पेनाने लिहून ठेवलं आहे. गायक, साथीला कोण, कोणाच्या घरी, कोणती तारीख. ज्यांच्यावर काही लिहिलं नव्हतं त्या ऐकून ओळखण्यात जाणकारांचे दिवस जातात. वायटी-डीएलपी व्हिडिओसोबत वर्णन, मथळे, तारीख, अगदी प्रतिक्रियासुद्धा वेगळ्या फाइलींत उतरवून देतो, आणि ही त्याची फार कमी वापरली जाणारी बाजू आहे. पण चॅनेलवाल्याने वर्णनात ‘लाइक करा, शेअर करा’ एवढंच लिहिलं असेल, तर तेवढंच उतरेल. वगनाट्यात सोंगाड्या कोण, ही भारुड-मंडळी कुठल्या गावची, व्याख्यान कोणत्या प्रसंगी झालं, हे ऐकणाऱ्यालाच लिहावं लागेल. टीकेचा जुना अर्थ इथे परत लागू होतो, आणि ही टीका प्रोग्राम आपल्यासाठी लिहून देत नाही. फाइलीशेजारी चार ओळींची मजकुराची फाइल, मराठीत. तिला नाव मात्र आखूड द्यावं, 85 चिन्हांच्या आत.