जोड्याचं कातडं आणि डॅशबोर्ड: एक पेपर मी कसा चुकीचा वाचला



पीएचडीच्या मुलाखतीत हमखास विचारतात, "अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा आणि त्यातलं काय पटलं नाही तेही सांगा." पहिला भाग सगळे पाठ करून जातात. दुसऱ्यावर गाडी अडते. आज मी एक पेपर घेतोय, आणि मला त्यातलं काय पटलं नाही हे सांगण्याआधी तो वाचून मी काय घोळ घातला ते सांगावं लागेल, कारण त्यात एका माणसाचे पैसे गेलेत.

आमच्या एरंडोलला, जळगाव–धुळे हायवेवर, एका नानांचं कुशनचं दुकान आहे. ट्रकच्या सीटा, बोलेरोचे कव्हर, लग्नसराईत सोफे. हात इतका साफ की जळगावहून लोक गाड्या घेऊन येतात. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक गिऱ्हाईक दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आलं. मोबाइलमध्ये फोटो. आपल्याकडे गाडीचं आतलं काम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मुंबईच्या दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनने केलेल्या इनोव्हाच असतात. सोफ्यासारख्या सीट, लाकडी पट्ट्या. याच डीसीने २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत 'अवंती' ही स्पोर्ट्स कार मांडली होती. तर गिऱ्हाइकाला तसं पाहिजे होतं: सीटला 'व्हेगन लेदर', डॅशबोर्डलाही तेच, आणि सगळं आखाजीच्या आत.

नानांनी मला बोलावलं. "तू शिकेल माणूस, तूच सांग भो, हे निवडुंगाचं चामडं टिकंल का आपल्याकडं?"

माझा विषय पॉलिमरचा. मी त्याच आठवड्यात एक पेपर वाचला होता, त्यामुळे अंगात आलं होतं. 'कोटिंग्ज' या नियतकालिकात २०२१ साली आलेला, जर्मनीतल्या फ्रायबर्ग इथल्या फिल्क या संशोधन संस्थेतल्या मायर आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी खरं चामडं, एक कृत्रिम चामडं आणि नऊ पर्याय शेजारी शेजारी ठेवून तपासले: डेसर्टो (निवडुंग), पिन्याटेक्स (अननसाच्या पानांचे तंतू), अ‍ॅपलस्किन, व्हेगेआ, टीक लीफ, मस्किन (बुरशी), कोम्बुचा, नोआनी, स्नॅपपॅप. निष्कर्ष असा की काही पर्याय एखाददुसऱ्या गुणात वर गेले, पण चामड्यासारखी सर्वंकष कामगिरी एकाचीही नाही.

मी नानांना म्हटलं, "पेपर म्हणतो चामडंच. सीटलाही, डॅशबोर्डलाही." नानांनी गिऱ्हाइकाला तसंच पटवलं आणि चांगलं क्रोम टॅनिंगचं लेदर आणून काम केलं. मे महिना लागला. गाडी उन्हात उभी. तिसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डवरचं लेदर काचेकडच्या कडेने सुटलं, कोपऱ्यांवर ताणलं गेलं आणि मधे फुगा आला. सीट मात्र आजही ठणठणीत आहेत. नानांनी डॅशबोर्डची मजुरी आणि मालाचे पैसे परत दिले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं.

मग मी तो पेपर पुन्हा काढला, आणि यावेळी शीर्षकाऐवजी नमुन्यांच्या यादीपासून सुरुवात केली. तिथे साफ लिहिलंय: तुलनेसाठी घेतलेलं चामडं हे जोड्याच्या वरच्या भागाचं चामडं आहे. शू अप्पर. जोड्याला काय लागतं? वाकणं, फाटायला विरोध, घामाची वाफ बाहेर जाणं, पाणी. त्यांनी नेमकं तेच मोजलं: ताणशक्ती, फाटण्याची ताकद, बाष्प जाऊ देण्याची क्षमता, पाणी शोषणं, आणि सूक्ष्मदर्शक व एफटीआयआरने रचना. उन्हात तापल्यावर कातडं किती आकसतं, हा त्यांचा प्रश्नच नाही. ही त्यांची लबाडी नाही, त्यांनी कुठेही डॅशबोर्डचं नाव घेतलेलं नाही. संभाव्य वापराचा अंदाज बांधता यावा, एवढाच त्यांचा दावा आहे. त्यांनी दिलेल्या पुराव्यावर मी माझा प्रश्न चिकटवला.

पण माझी एक तक्रार उरतेच. 'सर्वंकष कामगिरी' हा शब्द. पाच-सात चाचण्यांत सगळीकडे बरा असणं म्हणजे सर्वंकष, हे त्या चाचण्यांपुरतं खरं. गोषवाऱ्यात मात्र तो शब्द एकटा उभा राहतो, आणि गोषवाराच सगळे वाचतात. तुम्ही स्वतः सिनॉप्सिस लिहाल तेव्हा असा शब्द टाकायचा मोह होणार. मला तर झालाय, माझ्या दुसऱ्या ड्राफ्टवर गाइडनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढून शेजारी "कशाच्या तुलनेत?" एवढंच लिहिलं होतं.

आता मूळ घोळाकडे, कारण इथे एक सापळा आहे ज्यात पुस्तक वाचणारा माणूसच पडतो. चामड्याच्या पुस्तकात 'आकसण्याचं तापमान' म्हणून एक आकडा असतो. क्रोमने कमावलेल्या चामड्याचा तो १०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर असतो. क्रोम न वापरता ग्लुटाराल्डिहाइडसारख्या पदार्थांनी कमावलेल्या 'वेट व्हाइट' चामड्याचा ७५–८० च्या घरात. उन्हातल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड ७०–८० अंशांपर्यंत सहज जातो. मी मनात हिशोब केला: १०० म्हणजे ८० ला धोका नाही, क्रोम घ्या.

तो आकडा ओल्या चामड्याचा आहे. नमुना पाण्यात ठेवून तापवतात आणि कुठल्या तापमानाला कोलॅजेनची घडण कोसळते ते बघतात. डॅशबोर्डवर पाणी कुठंय? तिथे चामडं कोरडं होत होत आकसतं. आतलं पाणी निघून जातं, तंतू एकमेकांजवळ सरकतात आणि क्षेत्रफळ कमी होतं. कोरड्या उष्णतेत वेट व्हाइट चामडं क्रोमपेक्षा कमी आकसतं, म्हणूनच डॅशबोर्डसारख्या ताणून बसवायच्या भागांना गाडी उद्योगात ते पसंत करतात. म्हणजे आकडा खरा, पण ज्याच्यासाठी मोजला ती परिस्थिती वेगळी, आणि क्रमवारी चक्क उलटी झाली. तुमच्या विषयात असा कोणता आकडा आहे जो 'ओल्यात' मोजलाय आणि तुम्ही 'कोरड्यात' वापरताय, ते एकदा शोधा. मी शोधायला बसलो तेव्हा माझ्याच प्रबंधात दोन सापडले.

तरी नुसत्या आकसण्याने कड सुटली नसती. खाली सोल्यूशन होतं, चपलेला लावतात त्याच जातीचं. तसली बरीच सोल्यूशन्स ६०–७० अंशांपुढे मऊ पडतात. वरून कातडं ओढतंय, खालून चिकट सुटतंय. नानांनी ट्रकच्या सीटांना तेच सोल्यूशन वीस वर्षं वापरलंय आणि काही झालं नाही, कारण सीटला कव्हर शिवणीने आणि हुकाने धरलेलं असतं, सोल्यूशन फक्त मदतीला. डॅशबोर्डवर सगळा भार त्याच्यावरच.

इथे मला या पेपरवर, आणि खरं तर या प्रकारच्या बहुतेक पेपरांवर, मोठा आक्षेप आहे. ते पत्रा तपासतात. गाडीत पत्रा बसत नाही; पत्रा, फोम, सोल्यूशन, दोरा आणि खालचं प्लास्टिक असा एक जोड बसतो. सुईच्या भोकांची रांग म्हणजे तिकिटाची फाडायची रेघ. पत्र्याची ताकद कितीही मोजा, ओढ तिथे येते. नायलॉनचा दोरा ताकदीला भारी, पण उन्हात पॉलिएस्टर जास्त टिकतो. आणि नव्या सीटच्या बाजूच्या शिवणीत एअरबॅग असते. ती शिवण मुद्दाम फुटेल अशीच घातलेली असते, पक्की करून ठेवली तर बॅग उघडायची तिथे उघडणार नाही. नाना त्या शिवणीला हात लावत नाहीत, "कंपनीची शिवण कंपनीचीच" म्हणतात. हे कुठल्याही पत्र्याच्या तक्त्यात नाही.

गंमत म्हणजे कायद्याला हे पन्नास वर्षांपूर्वीच कळलं होतं. अमेरिकेचा एफएमव्हीएसएस ३०२ हा गाडीच्या आतल्या सामानाच्या ज्वलनाचा नियम १९७२ पासून लागू आहे. आडव्या नमुन्याला १५ सेकंद ज्योत लावायची, आग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. त्यात एक अट आहे: जो थर दुसऱ्या थराला सगळीकडून चिकटलेला आहे, तो त्या थरासकटच जाळून बघायचा. जोड तपासा, सुटा पत्रा नको. असली अट टिकाऊपणाच्या तुलनांत का दिसत नाही, हा मला खरा संशोधनाचा प्रश्न वाटतो, आणि कुणाला विषय हवा असेल तर घ्या, माझी हरकत नाही.

पेपरची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. एफटीआयआरचा भाग उत्तम आहे. 'निवडुंगाचं' म्हणून विकलं जाणारं डेसर्टो म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडावर पॉलियुरेथेनचा थर, हे त्यातून उघड दिसतं. म्हणजे गिऱ्हाइकाला निवडुंग नाही, पॉलियुरेथेन घ्यायचं की नाही हे ठरवायचं होतं. आणि पॉलियुरेथेन कसलं, हे विचारायला हवं होतं: पॉलिएस्टर जातीचं दमट उष्णतेत पाण्याने तुटतं, पॉलिकार्बोनेट जातीचं बरंच तग धरतं. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची छोटी उघडी स्पोर्ट्स कार बनायची. तिच्या सीटची भीती दमटपणा. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडीठाक, भीती उन्हाची. तोच माल, दोन वेगळी मरणं.

हाच प्रकार अल्कांताराचा. लोक त्याला महागडं चामडं समजतात. ते १९७० साली जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी शोधलेल्या अतिसूक्ष्म तंतूंच्या तंत्रातून आलंय, सुमारे ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन. स्पोर्ट्स कारची पुढची काच खूप तिरकी असते, चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब थेट डोळ्यात येतं. तिथे हा मखमली, मंद पृष्ठभाग कामाचा आहे. दिखाव्यापलीकडचं हे कारण मी गिऱ्हाइकाला सांगायला हवं होतं. मी पेपर सांगत बसलो.

डॅशबोर्ड आता नानांनी पॉलिएस्टरच्या स्यूडने, जास्त उष्णता सोसणारं चिकट वापरून पुन्हा केलाय. पहिल्या कामाच्या मालातला अर्धा खर्च मी दिला. नाना घेत नव्हते, त्यांच्या मुलाच्या हातात ठेवला. दुकानाच्या पत्र्यावर सध्या आठ तुकडे खिळ्यांनी ठोकलेत: चार माल, दोन सोल्यूशन, प्रत्येक तुकडा प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवून, मधोमध एक शिवण घालून. दर रविवारी मी पट्टीने लांबी मोजतो, दुपारी दोन वाजता तापमान नानांचा मुलगा लिहून ठेवतो. गेल्या रविवारी क्रोमचा तुकडा दोन्ही बाजूंनी मिळून तीन मिलिमीटर आत आला होता. त्यातल्या एका बाजूला सोल्यूशन सुटलंय, दुसऱ्या बाजूला नाही, आणि का, ते मला अजून कळलेलं नाही.