चाचण्या मोजल्या, पण निसटलं काय?

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये संशोधनाचा विषय शोधताय? मग मिका मँतिला आणि सहकाऱ्यांचा फायरफॉक्सच्या वेगवान रिलीजवरचा निबंध (२०१५) जरूर वाचा. फक्त हातात पेन्सिल ठेवून.

आधी पार्श्वभूमी. फायरफॉक्सची नवी मोठी आवृत्ती यायला पूर्वी साधारण वर्ष जायचं. २०११ मध्ये मोझिलाने दर सहा आठवड्यांनी रिलीज सुरू केलं. त्याने टेस्टिंगवर काय परिणाम झाला? लेखकांनी २००६ ते २०१२ मधल्या १,५४७ टेस्ट केसेस घेतल्या, बहुतेक माणसांनी हाताने केलेल्या, आणि त्यांच्या ३,१२,५०२ नोंदी तपासल्या. मुख्य निष्कर्ष दोन. वेगवान रिलीजमध्ये सगळ्या चाचण्या होत नाहीत. जिथे धोका जास्त, तिथेच खोलात जातात. दुसरं, टेस्टर्सचा मोठा समुदाय उभा करणं अवघड होतं, म्हणून कंत्राटी माणसं वाढवावी लागतात.

निबंधाचं बळ असं की लेखक आकड्यांवर थांबले नाहीत; मोझिलाच्या एका क्यूए इंजिनिअरकडून त्यांनी निष्कर्ष पडताळून घेतले. पण तो एकच, आणि संस्थेतला. स्वयंसेवकांची बाजू त्यातून कितपत कळणार?

माझा मोठा आक्षेप ‘धोका’ या शब्दावर आहे. धोका कुणाला? कमी लोकांना जाणवणारा दोष धोक्याच्या यादीत सहसा खालीच राहणार. चाचण्यांची संख्या वाढली की घटली हे मोजता येतं. काय निसटलं ते त्यातून दिसत नाही.

मराठीचंच बघा. ‘ठाण्याच्या खाडीकिनाऱ्यावर’ यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. एका प्रकारे टाइप केलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधला तर सापडतो का? ही चाचणी मराठी टाइप करणाऱ्यालाच सुचणार.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या एखाद्या कॉलेजातल्या चौघांना हे जमण्यासारखं आहे. फायरफॉक्सची बीटा, म्हणजे मुख्य रिलीजआधी लोकांना वापरून बघायला दिलेली आवृत्ती, फुकट मिळते. आता रिलीज साधारण चार आठवड्यांनी येतं, म्हणजे वर्षात तेराएक. अशा वीस मराठी चाचण्या ठरवा, दर बीटावर त्याच करा, आवृत्ती आणि फॉन्ट लिहून ठेवा, दोष बगझिलावर नोंदवा. कुठला दोष किती रिलीज तसाच राहिला, हे वर्षअखेर तुमच्याकडे असेल. मँतिलांच्या तीन लाख नोंदींना विचारावा असा प्रश्न तिथून सुरू होतो.