श्रवणक्षय आणि बुद्धिक्षय : एक आक्षेप

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सहज उच्चारतो. विचारले एक आणि म्हाताऱ्याने उत्तर दिले दुसरेच, की त्याची बुद्धी चळली असे ठरवून घरची माणसे मोकळी होतात. दोष बुद्धीचा की कानाचा, हे सहसा कोणी तपासून पाहात नाही. आधुनिक संशोधनाने हा प्रश्न हाती घेतला आहे. तथापि त्याच्या उत्तरात भाषेचा भाग किती, याचा विचार अजून पुरेसा झालेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम प्रमाणे पाहू. लिंडेनबर्गर व बाल्टेस यांनी १९९४ साली बर्लिनमधील ७० ते १०३ वर्षे वयाच्या १५६ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयपरत्वे बुद्धिमत्तेत पडणाऱ्या फरकापैकी सुमारे ९३ टक्के फरकाची संगती दृष्टी व श्रवण यांच्या तीक्ष्णतेशी लागते, असे त्यांना आढळले. मेंदूचे वार्धक्य हेच दोन्ही ऱ्हासांचे समान कारण असावे, हा त्यांचा तर्क. पुढे २०११ मध्ये लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोर येथील ६३९ व्यक्तींची सुमारे बारा वर्षांची पाहणी मांडली. तीत स्मृतिभ्रंशाचा धोका सौम्य श्रवणक्षयात जवळजवळ दुप्पट, मध्यम श्रवणक्षयात तिप्पट व तीव्र श्रवणक्षयात सुमारे पाचपट दिसला.

परंतु साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. कान सुधारल्याने बुद्धी टिकते काय, हीच खरी कसोटी. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ व्यक्तींवर झालेल्या प्रयोगाचे फलित २०२३ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षे श्रवणयंत्र वापरूनही एकूण समूहात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र ज्यांना मुळातच धोका अधिक होता अशा गटात ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी कमी आढळला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर स्मृतिभ्रंश कमी आढळतो, असे २०२२ मधील एका अमेरिकन पाहणीत दिसले. पण ती पाहणी होती, प्रयोग नव्हे. शस्त्रक्रियेस धजणारा वृद्ध मुळातच अधिक सशक्त असू शकतो.

आता मूळ आक्षेप. स्मृतीची चाचणी बहुधा तोंडी असते : परीक्षक काही शब्द उच्चारतो व थोड्या वेळाने ते आठवावयास सांगतो. वार्धक्यात प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी मंदावतात. स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. ‘ताक’, ‘ताट’, ‘ताप’, ‘तास’ या शब्दांत भेद केवळ अंत्य व्यंजनाचा आहे. ‘ताक’ हा शब्द ज्याने ‘ताप’ असा ऐकला, तो ‘ताप’च आठवणार, त्याची स्मृती शाबूत असूनही गुण मात्र जाणार. इतकेच नव्हे, तर गोंगाटात ऐकलेले अंक बरोबर ओळखता आले तरी ते पुढे कमी आठवतात, असे रॅबिट यांनी १९६८ मध्येच दाखविले होते. ऐकण्याचे श्रम स्मृतीच्या वाट्याचे बळ खातात.

या आक्षेपास मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. स्मृतिभ्रंशाचे निदान केवळ तोंडी चाचणीवर होत नाही; रोजचा व्यवहार जमतो की नाही, हेही पाहिले जाते. शिवाय ऐकण्याचे श्रम वर्षानुवर्षे पडत राहिले, तर तेच ऱ्हासाचे एक कारण ठरणे अशक्य नाही. अर्थात् संबंध खोटा आहे, असे आमचे म्हणणे नाही. तो किती आहे, हे मोजणारा गज वाकडा असण्याचा संभव आहे, एवढेच.

गज सरळ करणे हे काही अंशी भाषाशास्त्राचे काम आहे. मराठी चाचणीसाठी शब्द निवडताना अर्थ व परिचय पाहणे पुरेसे नाही; मंद कानाला तो शब्द दुसऱ्या शब्दासारखा भासतो काय, हेही पाहिले पाहिजे. प्रत्येक शब्द परीक्षार्थ्याकडून आधी उच्चारून घ्यावा, आणि डोळे चांगले असल्यास तो लिहूनही दाखवावा. एवढे न केल्यास कानाचा दोष बुद्धीच्या खाती पडेल, आणि ज्याला श्रवणयंत्राची गरज होती त्याच्यावर बुद्धिभ्रंशाचा शिक्का बसेल.