आद्य ख्रिस्ती उपासनाविधींचे वैविध्य : ग्रेगरी डिक्स यांच्या मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्म यरुशलेमहून अंत्युखिया, आलेक्सांद्रिया, एडेसा आणि रोम येथे पोहोचला. प्रत्येक ठिकाणी त्याने तेथील भाषा स्वीकारली. रोमच्या मंडळीची उपासनाही आरंभी ग्रीक भाषेतच होत असे. लॅटिन तेथे चौथ्या शतकात स्थिरावली. या सर्व मंडळ्यांच्या प्रभुभोजनविधीचे मूळ एकच होते काय, हा उपासनेच्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. ग्रेगरी डिक्स या अँग्लिकन बेनेडिक्टाइन संन्याशाच्या 'द शेप ऑफ द लिटर्जी' (1945) या ग्रंथाने त्याचे प्रभावी उत्तर दिले. प्रस्तुत लेखात त्या उत्तराची चिकित्सा केली आहे.

डिक्स यांची मांडणी आणि तिची मर्यादा

प्रार्थनांचे शब्द स्थळागणिक भिन्न होते, हे डिक्स यांना मान्य आहे. ऐक्य ते कृतींत शोधतात. भाकर व प्याला घेणे, उपकारस्तुती करणे, भाकर मोडणे आणि वाटणे हा चार कृतींचा क्रम त्यांच्या मते सर्वत्र समान होता. शब्दांकडून कृतीकडे लक्ष वळविणे, हे या ग्रंथाचे थोर श्रेय होय.

तथापि हा साचा पुराव्यांतून निघतो की पुराव्यांवर लादला जातो, असा प्रश्न उपस्थित होतो. फिलोथेओस ब्रायेनिओस यांना 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडलेल्या 'डिडाखे'मध्ये प्याल्याची प्रार्थना भाकरीच्या आधी येते, तर अखेरच्या भोजनाची कथा येतच नाही. डिक्स या प्रार्थनांना प्रभुभोजनाच्या नव्हे, तर प्रीतिभोजनाच्या प्रार्थना ठरवितात. जे साच्यात बसत नाही ते विधीबाहेर ठेवायचे आणि उरलेल्यावरून साचा सार्वत्रिक असल्याचे सांगायचे, हा तर्कदोष आहे. पॉल ब्रॅडशॉ यांनी 1992 च्या आपल्या ग्रंथात प्रवाहाची दिशाच उलटी असल्याचे सुचविले : आरंभी वैविध्य आणि विशेषतः चौथ्या शतकापासून वाढते साम्य. उपलब्ध साधनांशी हे अधिक सुसंगत आहे. मात्र परस्परांपासून दूर असलेल्या मंडळ्यांत भाकर व प्याला सामान्यतः का आढळतात, याचे स्पष्टीकरण केवळ वैविध्यावर भर देऊन मिळत नाही.

अद्दई व मारी यांची प्रार्थना

पूर्व सिरियाक परंपरेतील अद्दई व मारी यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रार्थना या वादाची खरी कसोटी आहे. तिच्या जुन्या हस्तलिखितांतही अखेरच्या भोजनाची कथा नाही. हीच परंपरा केरळातील थॉमस ख्रिस्तींकडे होती. 1599 मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी भरविलेल्या उदयंपेरूरच्या धर्मसभेने त्यांच्या विधीत रोमन धोरणानुसार फेरफार केले आणि सिरियाक ग्रंथ दुरुस्तीसाठी अथवा जाळण्यासाठी हवाली करण्याचा आदेश दिला. पुढे 2001 मध्ये मात्र व्हॅटिकनने हीच प्रार्थना त्या कथेविनाही ग्राह्य असल्याचे मान्य केले. या दोन निर्णयांत 402 वर्षांचे अंतर आहे.

निष्कर्ष

मूळ एकच होते असे गृहीत धरले की भिन्नता हा बिघाड ठरतो, आणि बिघाड दुरुस्त करण्याचा अधिकार कोणीतरी स्वतःकडे घेतो. उदयंपेरूर येथे त्या दुरुस्तीची किंमत ग्रंथांनी मोजली. डिक्स यांचा हेतू अर्थातच तसा नव्हता. परंतु अभ्यासकाने साचा हाती घेण्यापूर्वी साधनांना त्यांच्या भिन्नतेसह बोलू द्यावे, हाच या चिकित्सेचा निष्कर्ष होय.